फीमाफीचा अर्ज आणि आपले पालक

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणाविषयी काही लिहून द्यावे, असे चिटणीसांनी आम्हांस सांगितले, तेव्हा पहिल्याने मनात आले ते असे की, शिक्षणाचे महत्त्व ह्या विषयावर ह्या मंडळींना आम्ही निराळे काय सांगणार? ज्या संस्थेने इतकी वर्षे वह्या-पुस्तके वाटली, परीक्षेच्या दिवसांत मुलांना अभ्यासाला जागा दिली, कित्येकांची फी गाजावाजा न करता भरली, त्या संस्थेच्या सभासदांस शिक्षणाची महती सांगणे म्हणजे मांडवीच्या दुकानदारास तराजू दाखविण्यासारखे आहे. म्हणून ठरविले की, महती बाजूस ठेवून एक कामाची गोष्ट लिहावी. बेताच्या कमाईच्या पालकाने आपल्या पाल्यासाठी सरकारी फीमाफी कशी मिळवावी, ही ती गोष्ट होय.

हे लिहिण्यास एक निमित्तही आहे. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक गृहस्थ संध्याकाळी आमच्या घरी आले. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात ते लेथवर काम करतात. मुलगा सहा वर्षांचा झालेला. शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळेत मोफत प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी अर्ज भरला होता आणि तो नामंजूर झाला होता. कागद पाहिले. आधारकार्डावर पत्ता गावाकडचा, आणि बडोद्यातील राहण्याचा पुरावा म्हणून लावलेला भाडेकरार नोटरीचा. नियमाप्रमाणे करार नोंदणीकृत हवा, नोटरीचा चालत नाही. ज्या दुकानात अर्ज भरून घेतला तेथे 'चालून जाईल' असे सांगितले गेले होते.

"मग मास्तर, पुढच्या वर्षी भरू की," ते म्हणाले.

आम्हांस सांगावे लागले की, आपल्या गुजरातेत हा प्रवेश फक्त पहिलीतच मिळतो. मुलगा यंदा दुसरीकडे पहिलीत बसला की, त्याच्यापुरते हे दार मिटले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. उठताना एवढेच म्हणाले, "एका कागदापायी गेलं म्हणायचं."

ते वाक्य आमच्या मनातून जात नाही. आठ वर्षांची फी एका कागदापायी गेली, आणि तो कागद काय हवा हे वेळेवर सांगणारे कोणी भेटले नाही. म्हणून हा लेख.

बडोद्यास ही गोष्ट नवी नाही

पुष्कळांची अशी समजूत असते की, मोफत शिक्षण म्हणजे अलीकडे सरकारने सुरू केलेली एखादी सवलत. बडोद्याच्या माणसाने तरी असे समजू नये. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानास लागू केला. त्याआधी, १८८२ साली, हंटर कमिशनपुढे महात्मा फुले ह्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली होती. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले, तेव्हा त्यांच्यासमोर बडोद्याचे उदाहरण होते. ते विधेयक १९१२ साली फेटाळले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर, हे येथे सर्वांस ठाऊक आहे.

पुढे १९५० च्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व घातले. दहाची पन्नास वर्षे झाली. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती होऊन सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा तो मूलभूत हक्क ठरला, २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. तेव्हा ज्या अर्जाविषयी आम्ही लिहीत आहोत, त्याच्या मागे शंभरावर वर्षांची खटपट आहे. कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीने मिळणारी ती मेहेरबानी नव्हे.

कायदा काय म्हणतो

सरकारी व नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांत पहिली ते आठवीपर्यंत फी नाहीच. तेथे फीमाफीचा अर्ज करण्याचे कारण नाही. मुलाला घेऊन जावे आणि नाव घालावे. आपल्या शहरात समितीच्या मराठी शाळाही आहेत. ह्या शाळांस कमी लेखण्याची जी रीत पडली आहे ती आम्हांस मुळीच मान्य नाही, आणि हे आम्ही शिक्षक म्हणून, वर्गात उभे राहून पाहिलेल्या अनुभवावरून लिहीत आहोत.

परंतु कायद्याच्या बाराव्या कलमात आणखी एक तरतूद आहे. जी खासगी शाळा सरकारी अनुदान घेत नाही, तिनेही प्रवेशवर्गातील निदान पंचवीस टक्के जागा शेजारपाजारच्या दुर्बल व वंचित घटकांतील मुलांस द्यावयाच्या आणि आठवी पुरी होईपर्यंत त्यांना मोफत शिकवावयाचे. त्या मुलांचा खर्च सरकार शाळेस देते. सरकारचा स्वतःच्या शाळेतील दर मुलामागचा खर्च आणि त्या शाळेची प्रत्यक्ष फी, ह्यांपैकी जी रक्कम कमी असेल ती शाळेस मिळते. तेव्हा 'आमच्या पैशावर शिकतो' असे त्या मुलास किंवा त्याच्या आईबापास ऐकविण्याचा अधिकार शाळेत कोणासही नाही.

ह्या तरतुदीविरुद्ध शाळाचालक सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १२ एप्रिल २०१२ रोजी न्यायालयाने ती वैध ठरविली. मात्र अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळांस त्यातून वगळले, आणि २०१४ साली घटनापीठाने अल्पसंख्याकांच्या सर्वच शाळांस हा कायदा लागू होत नाही असा निर्णय दिला. २०२५ साली न्यायालयाच्या दुसऱ्या एका पीठाने ह्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठापुढे ठेवावा असे म्हटले आहे. पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, मिशनची एखादी नामांकित शाळा यादीत दिसली नाही तर त्यात लबाडी असेलच असे नाही. अल्पसंख्याक म्हणजे केवळ धर्माने, असेही नाही, भाषेनेही असतात. गुजरातेत मराठी भाषिक हे भाषिक अल्पसंख्याक आहेत. आमच्यासारख्या घरी मराठी बोलणाऱ्या मुसलमान माणसाने दोन्ही हिशेब पाहून ठेवलेले बरे, म्हणून हे सांगितले.

अर्ज कोणी करावा

पहिली अट वयाची. गुजरातेत १ जून रोजी मुलाची सहा वर्षे पुरी झालेली हवीत. २०२३-२४ च्या सत्रापासून हा नियम आहे. त्यापूर्वी पाच वर्षांची मुले पहिलीत घेत असत. आजही कित्येक आजी-आजोबा जुन्या हिशेबाने बोलतात आणि पालक वर्षभर आधी धावपळ करतात. उलट एखादा पालक घाईने मुलाला दुसऱ्या शाळेत पहिलीत बसवितो आणि मग ह्या योजनेसाठी येतो. त्याला नकार मिळतो. तेव्हा मुलाच्या जन्मतारखेवरून त्याचे नेमके वर्ष कोणते, हे आजच कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

दुसरी अट उत्पन्नाची. पूर्वी गुजरातेत ही मर्यादा खेड्यात वर्षाला १ लाख २० हजार व शहरात १ लाख ५० हजार रुपये होती. २०२५ मध्ये ती दोन्हीकडे ६ लाख रुपये करण्यात आली. हा बदल फार मोठा आहे. पूर्वी कारखान्यात कायम झालेला कामगार, दुकानातील मुनीम, खासगी बसचा ड्रायव्हर, शिवणकाम करून घर चालविणारी बाई असे पुष्कळजण 'आपण त्यात बसत नाही' म्हणून सोडून देत. आता त्यांतील बहुतेक बसतात. परंतु जुनी समजूत अजून गेलेली नाही. गेल्या दिवाळीत आमच्या शेजारच्या पोळीतील तीन घरांत आम्ही विचारले, तिन्ही घरे पात्र होती आणि तिघांपैकी एकासही ते ठाऊक नव्हते.

मर्यादा वाढली म्हणजे अर्जही वाढणार, हे उघड आहे. जागा कोणास आधी, ह्याचा क्रम सरकारने ठरवून दिलेला आहे. अनाथ मुले व ज्यांना संरक्षणाची गरज आहे अशी मुले आधी. त्यानंतर इतर विशेष गट. त्यांत अपंगत्व असलेली मुले आहेत, सरकारी अंगणवाडीत शिकलेली मुले आहेत. मग दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे, अनुसूचित जाती-जमाती, सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास वर्ग, आणि शेवटी सर्वसाधारण वर्ग. ह्यातील अंगणवाडीची गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. मूल तेथे जात असेल तर सेविकाबाईंकडून तसा दाखला वेळेवर घेऊन ठेवावा. महिना हजार-दीड हजार भरून गल्लीतल्या नर्सरीत घातलेल्या मुलाला जो क्रम मिळत नाही, तो अंगणवाडीतल्या मुलाला मिळतो.

कागद

आता मुख्य भागाकडे येऊ. आमच्या अनुभवाने दहांतले आठ अर्ज अडतात ते कागदांपायी. तेव्हा येथे थोडे सावकाश वाचावे.

जन्माचा दाखला. महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला हवा आणि त्यात मुलाचे नाव घातलेले हवे. कित्येक दाखल्यांत नावाची जागा कोरीच असते, कारण मूल जन्मले तेव्हा बारसे झालेले नसते आणि पुढे कोणी फिरकत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही शाळेने मुलाला प्रवेश नाकारू नये असे कायदा म्हणतो, हे खरे. परंतु ह्या अर्जाला दाखला जोडावाच लागतो.

राहण्याचा पुरावा. आधारकार्ड, मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, वीजबिल, पाणीबिल ह्यांपैकी पालकाच्या नावाचा व सध्याच्या पत्त्याचा कागद चालतो. आपल्यापैकी पुष्कळांचे आधार गावच्या पत्त्यावर आहे, वीजबिल घरमालकाच्या नावावर आहे, आणि घर भाड्याचे आहे. अशांसाठी नोंदणीकृत भाडेकरार हा एकच रस्ता उरतो. घरमालक नोंदणीस तयार नसतो. त्याला घर जाण्याची भीती वाटते. म्हणून सोपा उपाय असा की, आधारवरील पत्ताच वेळेवर बदलून घ्यावा. त्यास फारसा खर्च नाही, पण दिवस लागतात. फेब्रुवारीत जागे होऊन तो होत नाही. दिवाळीच्या सुट्टीत करावा.

उत्पन्नाचा दाखला. ज्याला येथे सगळे 'आवकनो दाखलो' म्हणतात तो. मामलतदार कचेरीच्या जनसेवा केंद्रातून किंवा खेड्यात तालुका विकास अधिकाऱ्याकडून तो मिळतो. कारखान्याच्या पगाराची चिठ्ठी किंवा नगरसेवकाचे पत्र त्याच्या जागी चालत नाही. दाखला किती तारखेनंतरचा हवा हे प्रवेशाच्या जाहिरातीत दिलेले असते. ते वाचल्याशिवाय जुना दाखला लावू नये. येथे आणखी एक खड्डा आहे. जे आयकराचे विवरणपत्र भरत नाहीत त्यांना तसे स्वयंघोषणापत्र द्यावे लागते. परंतु काही छोटे दुकानदार घरासाठी किंवा गाडीसाठी कर्ज मिळावे म्हणून विवरणपत्रात उत्पन्न वाढवून दाखवितात आणि ह्या अर्जात कमी दाखवितात. आयकराच्या नोंदींशी ताळा पाहून गुजरातेत असे प्रवेश रद्द झालेले आहेत. वर्षभर शाळेत बसलेल्या मुलाला मित्रांदेखत उठावे लागले, तर त्याच्या मनाचे काय होत असेल? खोटा कागद लावू नका, एवढेच आमचे हात जोडून सांगणे आहे. एक तर ते पाप आहे. आणि दुसरे असे की, ती जागा आपल्याहून गरजू अशा दुसऱ्या मुलाच्या तोंडची असते.

जातीचा दाखला. लागू असेल त्यांनी तो वडिलांच्या नावाचा काढून ठेवावा. महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांची येथे विशेष अडचण होते. तिकडच्या यादीत जी जात आहे ती इकडच्या यादीत असतेच असे नाही, आणि तिकडचा दाखला इकडे सहसा चालत नाही. नुसत्या भरवशावर राहू नये. कचेरीत आधी चौकशी करावी. दाखला मिळण्यासारखा नसेल तर सर्वसाधारण वर्गातून अर्ज करावा, पण अर्ज सोडू नये.

ह्यांशिवाय मुलाचा फोटो, मुलाचे व पालकांचे आधार आणि बँकेचे पासबुक लागते.

आता नावांविषयी. आपल्या मराठी आडनावांचे गुजरातीतून इंग्रजीत जाताना जे हाल होतात ते आपण जाणतोच. जन्मदाखल्यात एक स्पेलिंग, आधारमध्ये दुसरे, पासबुकात तिसरे. आमच्या नावांचे तर विचारूच नका. एकाच घरात मोहम्मद हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला आम्ही पाहिला आहे, आणि ते घर आमचेच होते. सर्व कागद एका ओळीत मांडावे, प्रत्येकातील नाव अक्षर-अक्षर ताडून पाहावे, आणि फरक असेल तेथे आधी दुरुस्ती करून घ्यावी. हे काम घरातली आठवी-नववीत शिकणारी मुलगी उत्तम करते, तिला सांगावे.

अर्ज भरताना

गेली काही वर्षे ही प्रक्रिया फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सुरू होते. वर्तमानपत्रांत जाहिरात येते. अर्ज इंटरनेटवरून भरावयाचा असून त्यास सरकारी फी नाही. दुकानात भरून घेतल्यास तो दुकानदार आपली मजुरी घेईल ती वेगळी. पण 'प्रवेशाची हमी' म्हणून जो पैसे मागेल त्याच्या दारात पुन्हा उभे राहू नये. जागावाटप संगणक ठरलेल्या क्रमाने करतो. मध्ये कोणाचा हात पोहोचत नाही.

कागद अपलोड करताना मूळ प्रतीवरून करावे, झेरॉक्सवरून नव्हे. मोबाइलने घाईत काढलेला, सावली पडलेला, कडा कापलेला फोटो तपासणाऱ्यास वाचता आला नाही तर तो अर्ज नामंजूर करतो, आणि त्याला दोष देता येत नाही. एका मुलासाठी एकच अर्ज करावा. आईच्या नावाने एक व बापाच्या नावाने एक, असे दोन भरले म्हणजे संधी दुप्पट होते ही समजूत चुकीची आहे. दोन्ही हातचे जाण्याची भीती असते.

शाळा निवडताना घरापासून सहा किलोमीटरच्या आतील शाळा पाहाव्या, आणि त्यातही जवळच्या आधी. नावाजलेली एकच शाळा लिहून थांबणे धोक्याचे आहे. माध्यमाचाही विचार करावा. घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत एकदम इंग्रजी, ही उडी काही मुलांस सहज जमते, काहींस जड जाते. ज्या घरात इंग्रजीचा अभ्यास घेणारे कोणी नाही, त्यांनी चांगल्या गुजराती माध्यमाच्या शाळेस कमी समजू नये. शाळा फुकट मिळाली तरी शिकवणीची फी द्यावी लागली, तर माफीचा अर्थ काय?

अर्ज भरल्यावर त्याची छापील प्रत व अर्ज क्रमांक जपून ठेवावा. जो मोबाइल नंबर दिला तो निकालापर्यंत बदलू नये. निरोप त्यावर येतो. शाळा मिळाली की, दिलेल्या मुदतीत मूळ कागद घेऊन शाळेत जाऊन प्रवेश पक्का करावा लागतो. मुदतीत गेले नाही की जागा दुसऱ्यास जाते. लग्नसराईचे दिवस असतात, पालक गावी जातात आणि परत येईपर्यंत तारीख उलटते, असे आम्ही पाहिले आहे. पहिल्या फेरीत नाव लागले नाही तरी निराश होऊ नये. उरलेल्या जागांसाठी पुढच्या फेऱ्या होतात व शाळा नव्याने निवडण्याची संधी मिळते.

शाळेत गेल्यानंतर

प्रवेश मिळाल्यावर शाळेने फी मागू नये, देणगी मागू नये, मुलाची वा पालकाची मुलाखत घेऊ नये. मुलाखत किंवा चाचणी घेतल्यास पहिल्या वेळी २५ हजार व पुढे दर वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. देणगी घेतल्यास तिच्या दहापटीपर्यंत. ह्या मुलांना निराळ्या तुकडीत, निराळ्या वेळी किंवा निराळ्या बाकावर बसवू नये, असे केंद्राच्या नमुना नियमांत स्पष्ट लिहिले आहे. पुस्तके, गणवेश, बूट ह्यांसाठी गुजरात सरकार वर्षाला ३ हजार रुपये मुलाच्या खात्यावर देते. पासबुक मागतात ते त्यासाठी. इंग्रजी शाळेचा हा सर्व खर्च तेवढ्यात भागतोच असे नाही. बसभाडे, सहल, स्नेहसंमेलनाचे कपडे हा भार उरतोच. पालकांनी तो हिशेब आधी करावा, म्हणजे मागाहून मुलावर राग निघत नाही.

तक्रार करण्याची वेळ आली तर प्रथम मुख्याध्यापकांस शांतपणे भेटावे. त्याने झाले नाही तर लेखी अर्ज करावा, शहरात जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे व खेड्यात जिल्हा प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज आणि तोंडी बोलणे सारखेच. कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत निकाल द्यावयाचा असतो, आणि तो मान्य नसेल तर राज्याच्या बालहक्क आयोगाकडे अपील करता येते.

आठवीनंतर काय?

हा प्रश्न पालक विचारीत नाहीत, आणि मग नववीत एकदम फीचा आकडा समोर येतो. मोफत शिक्षणाची हमी आठवीपर्यंतच आहे. त्यासाठी सहावी-सातवीपासूनच तयारी हवी. २०२३ पासून गुजरात सरकारने मुख्यमंत्री ज्ञान साधना ही गुणवत्ता शिष्यवृत्ती सुरू केली आहे. सरकारी व अनुदानित शाळांतील मुले आणि ह्या कायद्याखाली खासगी शाळांत शिकलेली मुले आठवीत असताना तिची परीक्षा देऊ शकतात. केंद्राची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये देते. तिला उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे, परंतु ती सरकारी, अनुदानित व स्थानिक संस्थांच्या शाळांतील मुलांसाठीच आहे. मुलींसाठी २०२४ पासून नमो लक्ष्मी योजना आहे. तीत नववी ते बारावी ह्या चार वर्षांत मिळून ५० हजार रुपये मिळतात. समितीच्या शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींस ह्यांतील पुष्कळ दारे उघडी आहेत, हेही ह्या ठिकाणी नोंदवून ठेवतो.

संकोच

इतके सगळे लिहूनही आम्हांस ठाऊक आहे की, काही घरे अर्ज करणार नाहीत. त्यांच्या आड कागद येत नाहीत, संकोच येतो. 'लोक काय म्हणतील', 'मुलाला शाळेत फुकट्या म्हणतील', 'आमच्या घराण्यात कोणी हात पसरला नाही'. ही भाषा आम्ही ओळखतो, कारण आमच्या वडिलांची हीच भाषा होती.

आम्ही पाचवीत असताना आमच्या शाळेत दर महिन्याच्या दहा तारखेनंतर फी न भरलेल्यांची नावे वर्गात वाचीत, आणि त्या मुलांना उभे राहावे लागे. आम्ही सात महिने उभे राहिलो. माफीचा छापील अर्ज दप्तरात होता. वडिलांनी सही केली नाही. ते म्हणाले, आपण दान घेत नाही. आठव्या महिन्यात आमच्या आईने, जिला सही करता येत नव्हती, तिने अंगठा उमटवून तो अर्ज दिला. त्यानंतर आमचे नाव वाचले गेले नाही. आज आम्ही बी. एड. होऊन वर्गासमोर उभे राहतो ते त्या अंगठ्यामुळे, असे आम्ही मानतो. वडिलांचा स्वाभिमान आम्हांस आजही मोठा वाटतो. परंतु त्याची किंमत बाकावर आम्ही उभे राहून देत होतो, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

दान आणि हक्क ह्यांत फरक आहे. रस्त्यावरचा दिवा लागतो तो आपल्या दारात उजेड पाडतो, म्हणून आपण कोणाचे मिंधे होत नाही. मोफत शिक्षणाचेही तसेच आहे. आपण साखर घेतो, काडेपेटी घेतो, त्यात कर भरतो; त्यातूनच हा खर्च होतो. ज्याला ऐपत आहे त्याने अर्ज करू नये. ज्याला नाही त्याने मान खाली घालून करू नये.

ट्रस्टने काय करावे

शेवटी ट्रस्टच्या विश्वस्तांस एक विनंती. आपण दरवर्षी जून महिन्यात गरजू मुलांची फी भरता. त्यातील पुष्कळ मुले ह्या कायद्याखाली पात्र होती, पण फेब्रुवारीत त्यांचा अर्ज राहून गेला होता. जूनमध्ये एका मुलावर जितकी रक्कम जाते, तितक्यात जानेवारीत दहा मुलांचे कागद पुरे होतील. दिवाळीनंतर दर रविवारी सकाळी दोन तास ट्रस्टच्या हॉलमध्ये एक टेबल मांडावे. एक संगणक, एक स्कॅनर, दोन कॉलेजात शिकणारी मुले आणि एखादा निवृत्त कारकून एवढे पुरे. नोव्हेंबरात पत्ता व नावे दुरुस्त करून घ्यावी, जानेवारीत उत्पन्नाचे दाखले काढावे, आणि जाहिरात येताच अर्ज भरावे. आम्ही स्वतः त्या टेबलाशी बसावयास तयार आहोत, आणि आमच्या शाळेतले आणखी दोन सहकारी येतील.

मकरपुऱ्याचे ते गृहस्थ पुढे आमच्याकडे पुन्हा आले. मुलगा समितीच्या शाळेत जातो व गणितात चांगला आहे. बापाच्या लेथची मापे तो तोंडी सांगतो. धाकटी मुलगी सहा वर्षांची होणार होती. ह्या वेळी ते नोव्हेंबरातच आले. आधारचा पत्ता बदलला, मुलीच्या जन्मदाखल्यात नाव घातले, दाखला काढला, आणि एका रविवारी आमच्याच घरी बसून अर्ज भरला. पहिल्या फेरीत नाव लागले नाही. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "भाऊ, आपल्या नशिबीच नाही." आम्ही म्हटले, "वहिनी, अजून एक फेरी आहे." दुसऱ्या फेरीत घरापासून दोन किलोमीटरवरच्या शाळेत तिला जागा मिळाली. ज्या शाळेचे नाव त्यांनी पहिल्याने लिहिले होते ती ही नव्हे, पण शाळा चांगली आहे.

तिच्या प्रवेशाच्या दिवशी त्यांनी सर्व कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आम्हांस दाखवायला आणले, आणि विचारले, "मास्तर, हे आता कुठं ठेवू?" आम्ही सांगितले, "आठ वर्षं जपून ठेवा. आणि शेजाऱ्यांनी विचारलं की काढून दाखवा."